सगळी माणसं समान, असं लिहिणारे आणि त्यांच्या दारातली माणसं

खाजन (पणजी)

४ जुलै २०२६ ला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षं पूर्ण होतायत. त्या निमित्तानं वाचन चाललंय आणि एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

१७७६ साली थॉमस जेफरसननं लिहिलं की सगळी माणसं समान जन्माला येतात आणि जगण्याचा, स्वातंत्र्याचा हक्क त्यांच्याकडून कुणी हिरावून घेऊ शकत नाही. याच जेफरसनच्या मालकीची आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलाम माणसं होती. व्हर्जिनियात मॉन्टिसेलो नावाचा त्याचा मळा होता, तिथं ती राबत. त्यातल्या अगदी मोजक्यांना त्यानं मोकळं केलं. १८२६ च्या ४ जुलैला, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्याच दिवशी, तो वारला. पुढच्या जानेवारीत त्याचं कर्ज फेडायला मळ्यावरची सुमारे १३० माणसं लिलावात काढली. घरंच्या घरं फुटली.

मसुद्यात त्यानं गुलामांच्या व्यापाराविरुद्ध एक परिच्छेद घातला होता. तो प्रतिनिधींनी काढायला लावला. पुढे १७८७ च्या घटनेत गुलामांना मत नाही, पण मालकांच्या राज्यांना जास्त प्रतिनिधी मिळावेत म्हणून लोकसंख्या मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं, असा हिशेब मान्य झाला.

आता माझा प्रश्न. असा जाहीरनामा ढोंग म्हणून टाकून द्यायचा, की लिहिणारे कसेही असोत, लिहिलेलं खरं होतं म्हणून जपायचा? आणि हे विचारताना आपल्या घरात डोकावायला हवंच. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी सांगून ठेवलं होतं की २६ जानेवारीपासून आपण एका विसंगतीच्या आयुष्यात शिरतोय: राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता. १९ डिसेंबर १९६१ नंतर तीच घटना आपल्या गोव्यातही आली. ती आपल्या वाडीवस्तीपर्यंत किती पोचली, त्याबद्दल तुमचे अनुभव वाचायला आवडतील.

अबोली

वाचनखूण साठवली. रात्री निवांत लिहिते.

कुळागर (फोंडा)

विषय चांगला आहे, पण अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या फुटपट्टीनं मोजणं मला पटत नाही. त्या काळी सगळं जगच तसं होतं. आपल्याकडे पेशवाईत काय चाललं होतं? जेफरसननं निदान लिहिलं तरी. लिहिलं नसतं तर पुढच्यांनी कशाच्या आधारावर भांडायचं?

सांजवात (मडगाव)

@कुळागर, तुमचं शेवटचं वाक्य मान्य. "त्या काळी सगळं जगच तसं होतं" हे मात्र मान्य नाही. त्याच काळात, त्याच देशात, हे चूक आहे असं ठणकावून सांगणारे लोक होते.

पेनसिल्व्हेनियानं १७८० मध्येच गुलामगिरी टप्प्याटप्प्यानं संपवण्याचा कायदा केला. व्हर्जिनियातच, जेफरसनच्या शेजारपाजारच म्हणा ना, रॉबर्ट कार्टर नावाच्या बड्या जमीनदारानं १७९१ मध्ये आपल्याकडच्या साडेचारशेहून जास्त माणसांना मोकळं करायचं लिहून दिलं. त्याच वर्षी बेंजामिन बॅनेकर या कृष्णवर्णीय गणितज्ञानं जेफरसनला पत्र लिहून त्याचीच वाक्यं त्याला वाचून दाखवली. जेफरसननं नम्र उत्तर पाठवलं आणि पुढे काही केलं नाही. म्हणजे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, पण सोडवत नव्हतं, कारण सगळा संसार त्यावर उभा होता.

आणि मुख्य म्हणजे, "त्या काळचं जग" म्हणताना आपण त्या मळ्यावरच्या माणसांना जगात धरतच नाही. त्यांना विचारलं असतं तर १७७६ मध्येही त्यांनी हेच सांगितलं असतं.

मॅसॅच्युसेट्समधली एक गोष्ट सांगते. तिथं बेट नावाची एक गुलाम बाई होती. मालकिणीनं चुलीतली तापलेली फावडी घरातल्या दुसऱ्या मुलीवर उगारली, ती बेटनं मधे पडून आपल्या हातावर झेलली. तो व्रण तिनं जन्मभर झाकला नाही. १७८० मध्ये त्या राज्याची घटना झाली, त्यात सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत असं कलम होतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बेटच्या ते कानावर आलं. ती उठून वकिलाकडे गेली आणि विचारलं, हे मला लागू का नाही? १७८१ मध्ये ती खटला जिंकली आणि एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतलं. खाजन, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हीच बाई आहे.

अबोली

@सांजवातताई, अंगावर काटा आला. "कळत होतं, पण सोडवत नव्हतं" याला तर दहा वेळा अनुमोदन.

वडाचीपारंबी (पेडणे)

अमेरिका आणि मराठी माणूस यांचा या विषयात फार जुना संबंध आहे. १८७३ साली जोतिराव फुल्यांनी 'गुलामगिरी' काढलं, ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केलं म्हणून. माझ्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छाही त्यांनी तिथंच लिहिली. पुण्यात बसलेला माणूस सातासमुद्रापलीकडच्या लढाईकडे आपली म्हणून बघतोय, याचा मला आजही अभिमान वाटतो.

पण त्याच वेळी तिकडे काय चाललं होतं बघा. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, १८७० मध्ये काळ्या पुरुषांना मतदानाचा हक्क लिहून मिळाला. आणि १८७७ मध्ये दक्षिणेकडच्या राज्यांतून केंद्र सरकारनं सैन्य काढून घेतलं, की हळूहळू सगळं परत मालकांच्या हातात. वेगळ्या शाळा, रेल्वेचे वेगळे डबे, मत द्यायला गेला तर परीक्षा आणि मार. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही वेगळं ठेवण्यावर शिक्का मारला. मताचा हक्क खऱ्या अर्थानं यायला १९६५ उजाडलं. लिहिलेलं १८७० चं, मिळालेलं १९६५ चं. मधल्या चार पिढ्या गेल्या त्या गेल्या.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतले काळे लोक संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करतायत असं ऐकलं, त्याच्या प्रती मिळतील का, आपणही अस्पृश्यांसाठी तसंच करायचा विचार करतोय, अशा अर्थाचं. डुबॉइसनी उत्तरही दिलं. म्हणजे विसंगतीच्या आयुष्याबद्दल ते बोलले, त्यामागे दोन्हीकडचा अभ्यास होता.

मिठागर (बार्देश)

गोव्याबद्दल बोलायचं तर भारतीय घटनेच्या आधीही आपण एक असाच प्रयोग भोगून झालोय. पोर्तुगालची पहिली घटना १८२२ ची. गोव्यातून लिस्बनला प्रतिनिधी पाठवायची सोय झाली, त्यात बर्नार्दो पेरेस द सिल्व्हा हे गोवेकर निवडून गेले. कागदावर गोवेकर आणि लिस्बनकर एकाच राष्ट्राचे नागरिक. १८३५ मध्ये त्याच पेरेस द सिल्व्हांना गोव्याचा कारभार सोपवला, तर इथल्या पोर्तुगीज लष्करी मंडळींनी महिनाभरही टिकू दिलं नाही, उठाव करून घालवलं. एतद्देशीय माणूस खुर्चीत बसलेला बघवला नाही.

मग १९१० चं प्रजासत्ताक. चर्च आणि सरकार वेगळं झालं, हिंदूंना नोकऱ्या, शिक्षण खुलं झालं. आमच्याकडची जुनी माणसं त्या काळाबद्दल चांगलं बोलायची. आणि १९३० मध्ये, पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा झालेल्या सालाझारचा वसाहतींचा कायदा: वसाहती ताब्यात ठेवणं आणि तिथल्या लोकांना सुधारणं हे पोर्तुगीज राष्ट्राचं ऐतिहासिक कार्य आहे, असं त्यात सरळ लिहून ठेवलं. आपल्या लुईस द मिनेझिस ब्रागांझांनी त्याविरुद्ध गोव्याच्या विधिमंडळात ठराव मांडला. एका पिढीत नागरिक, पुढच्या पिढीत ताबेदार.

आणि गुलामांचा विषय निघालाच आहे तर, जुन्या गोव्याच्या भर रस्त्यात माणसांचा लिलाव व्हायचा. सोळाव्या शतकातल्या प्रवाशांनी ते लिहून ठेवलंय. आफ्रिकेतून आणलेली ती माणसं. त्यातले काही घाटाच्या वर रानात पळाले. यल्लापूर, हल्याळकडच्या सिद्दी लोकांत त्यांचे वंशज आहेत. आपण जुना गोवा पाहुण्यांना दाखवतो तेव्हा हे कुणी सांगत नाही. मी सांगतो.

खाजन (पणजी)

@मिठागर, १८३५ ची गोष्ट चांगली आठवण करून दिलीत. पण पोर्तुगीजांबद्दल बोलणं आपल्याला सोपं जातं. १९६१ नंतरचं बोलूया.

माडाखालची (बार्देश)

बोलते. माझा जन्म मुंडकाराच्या घरातला.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी: भाटकार म्हणजे माडांच्या, आंब्याफणसांच्या जमिनीचा मालक. मुंडकार म्हणजे त्याच्या भाटात घर बांधून राहिलेला. जमीन त्याची, घर आमचं. त्या बदल्यात भाट राखायचं, नारळ पाडायच्या दिवशी बायकांनी ते वेचून रास घालायची, भाटकाराच्या घरी कार्य असलं की बोलावणं येण्याआधी जाऊन उभं राहायचं. पैशाचा विषय नाही. चवथीला रानातून माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या छताचं) सामान आणलं की आधी त्यांच्या घरी, मग उरलेलं आमच्या गणपतीला. घरावर चुडतांचं छप्पर चालायचं, पण कौलं घालायची तर विचारावं लागायचं. कौलं घातली म्हणजे घर पक्कं झालं, आणि पक्कं घर कुणाला नको होतं ते कळलंच असेल.

आईला तिथं चहा मिळायचा तो करटीतून, म्हणजे नारळाच्या करवंटीतून. ती करटी रोजचीच, त्यामुळे कडा घासून गुळगुळीत झालेल्या. तिची जागा गोठ्याच्या वळचणीला, पालथी. चहा पिऊन झाला की आईनंच धुवायची आणि तिथंच ठेवायची. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, आणि तेव्हा गोवा मुक्त होऊन बरीच वर्षं झाली होती. घटनेच्या कलम १७ नं अस्पृश्यता केव्हाच संपवली होती.

१९७५ चा मुंडकार कायदा आला तेव्हा वडलांना वाटलं आता सुटलो. कायदा खरंच चांगला आहे. घरातून काढता येत नाही, घर आणि भोवतीची थोडी जमीन विकत घेता येते. वडलांनी अर्ज केला. आणि मग तारखा. भाटकार वारले. त्यांचे वारस मुंबईत, लिस्बनला, कॅनडात. प्रत्येकाला नोटीस पोचली पाहिजे. एकाची पोचते, दुसऱ्याची परत येते. तिसरा वारस वारतो, मग त्याचे वारस. अधिकारी बदलला की नव्या साहेबाला पहिल्यापासून. मग वडील वारले आणि आम्हा भावंडांची नावं लावायला वेगळा अर्ज. वडलांनी शेवटपर्यंत कागदांची पिशवी खुंटीला लावून ठेवली होती आणि घरात आग लागली तर आधी काय उचलायचं हे आम्हाला शिकवलं होतं.

फावडीच्या त्या बाईची गोष्ट वाचून मला रडू आलं. तिच्या हातात कलम होतं, आमच्याही आहे. पण कलम हातात असणं आणि तारखा संपणं यात आमच्या घरातलं एक आख्खं आयुष्य गेलं.

अबोली

माडाखालची, काय बोलू. हे इथं लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

कुळागर (फोंडा)

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. करटीबद्दल बोलायला तोंड नाही कुणाला.

पण भाटकारांबद्दल एक सांगायला हवं, कारण धाग्यावर एकच बाजू येतेय. सगळे भाटकार म्हणजे वाड्यातले, झुंबरं लावलेले नव्हते. माझी आत्या बालविधवा. तिच्या नावावर एक शेत आणि थोडे माड, बस. कुळ शेत करायचं, खंड द्यायचं, त्यावर तिचं वर्ष निघायचं. १९७६ मध्ये कूळकायद्यात दुरुस्ती झाली आणि कसणारा मालक ठरला. मोबदला ठरला तोही नावापुरता. आत्या मग शेवटपर्यंत भावांच्या दारात. समतेच्या कायद्यानं तिला कोण विचारलं?

माडाखालची (बार्देश)

@कुळागरदादा, तुमच्या आत्याबद्दल वाईट वाटतं, खरंच. पण तिला भावांच्या दारात बसावं लागलं ते कुळामुळे की विधवेला घरात दुसरा काही आधारच ठेवला नव्हता म्हणून? आमच्या वाड्यावरच्या विधवा शेत नसताना जगल्या, मासळी विकून. तुमच्या आत्याला तेही करू दिलं नसतं घरच्यांनी.

सांजवात (मडगाव)

माडाखालचीशी सहमत. आणि कसणाऱ्याला जमीन देताना निराधार छोट्या मालकांची वेगळी सोय करायला हवी होती, हेही खरं. ती सरकारनं करायची होती. त्यासाठी कुळानं कूळ राहावं असं म्हणता येणार नाही.

रेवा

धागा फिलाडेल्फियाहून निघाला, पुणे, न्यूयॉर्क, लिस्बन करत बार्देशला पोचला. कदंबाची (आपली सरकारी) बस असती तर एव्हाना दोनदा चहाला थांबली असती :)
वाचतेय, लिहीत राहा.

दाट_रान (काणकोण)

बस अजून पुढे न्यायची आहे, आमच्याकडे. शेवटचा थांबा आमचाच असतो नेहमी.

मी वेळीप. गोव्यात सगळ्यात आधी कोण आलं विचारलं तर शाळेच्या पुस्तकापासून मंत्र्यांच्या भाषणापर्यंत सगळे सांगतात: गावडे, कुणबी, वेळीप, हेच मूळ गोंयकार. पर्यटनाच्या जाहिरातीत कुणबी साडी आणि आमची नाचणारी माणसं. पण १९६८ मध्ये गोवा, दमण आणि दीवसाठी अनुसूचित जमातींची यादी झाली, त्यात धोडिया, दुबळा, नायकडा, सिद्दी, वारली. गावडा, कुणबी, वेळीप नाहीत. आमची नावं यायला २००३ उजाडलं. मुक्तीनंतर चाळीसहून जास्त वर्षं.

बरं, यादीत आलो. पुढे? २०११ च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जातींचे लोक २५,४४९, त्यांना विधानसभेत पेडणेची एक राखीव जागा. ती हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. अनुसूचित जमातींचे लोक १,४९,२७५. राखीव जागा शून्य. चाळीसपैकी शून्य. संसदेनं यासाठीचं विधेयक मंजूर केलं ते ऑगस्ट २०२५ मध्ये.

हेही आपोआप नाही झालं. २५ मे २०११ ला दक्षिण गोव्यातल्या बाळ्ळीला आमच्या लोकांचं आंदोलन झालं, मागण्या साध्या, घटनेत लिहिलेलं द्या. त्या दिवशी आमचे दोन तरुण जिवानिशी गेले. आमच्या भागात २५ मे कुणी विसरत नाही. बाकीच्या गोव्यात किती जणांना ती तारीख माहीत आहे?

वनहक्कांचा कायदा २००६ चा. आजोबा ज्या डोंगरात कुमेरी (डोंगरउतारावरची फिरती शेती) करायचे तिथला दावा आम्ही टाकलाय. कागद मागतात. पोर्तुगीज काळात रानात राहणाऱ्याला कागद कोण देणार होतं? कायद्यात गावच्या वडीलधाऱ्यांची साक्ष चालते असं आहे. साक्ष देणारे म्हातारे एकेक करून जातायत.

धनगर भावांचं तर अजून यादीतही नाव नाही, ते मागतायत कधीपासून.

वडाचीपारंबी (पेडणे)

@दाट_रान, २५ मे मला माहीत होती, पण आकडे असे समोरासमोर ठेवून कधी बघितले नव्हते. १,४९,२७५ आणि शून्य. पाच माणसं म्हणजे तीन, या हिशेबानंतर हाच हिशेब आठवतो.

कुळागर (फोंडा)

@वडाचीपारंबी, ही तुलना ताणलेली आहे. तिथं गुलाम होते, मत नव्हतं. इथं प्रत्येक आदिवासीला मत आहे, सर्वसाधारण जागेवरून निवडूनही येतात, मंत्रीही झालेत. राखीव जागा नसणं आणि गुलामी एका वाक्यात आणली की मूळ गुलामीचं वजन कमी होतं.

वडाचीपारंबी (पेडणे)

तेवढं मान्य. दोन्ही एकच आहे असं म्हणायचं नव्हतं. पण माणसं मोजायची आणि मोजून बाजूला ठेवायची, हे दोन्हीकडे आहे.

उंबरठा (वास्को)

मी मूळची सावंतवाडीकडची, लग्न होऊन वास्कोला आले. जे इथं अजून आलं नाही ते लिहिते.

आमच्या इमारतीचं बांधकाम चालू होतं तेव्हा उत्तर कर्नाटकातली लमाणी कुटुंबं तिथंच पत्र्याखाली राहायची. इमारत पुरी झाली, पहिली सभा झाली, आणि पहिलाच ठराव: कामगारांनी नळाला हात लावायचा नाही, उद्वाहन वापरायचं नाही. ज्यांनी ते उद्वाहन बसवायला विटा वाहिल्या त्यांनी. मी विरोध केला, सही केली नाही. खालच्या मजल्यावरच्या काकांनी मला समजावलं, "बाय, तू नवीन आहेस."

घटनेत कलम १९ प्रमाणे देशात कुठंही राहायचा, काम करायचा हक्क आहे. पण गोव्यात काही चोरीमारी झाली की पहिलं बोट "घाटी" वस्तीकडे. २०२० च्या टाळेबंदीत तीच कुटुंबं पायी निघाली होती आणि आमच्याच गटावर लोक लिहीत होते, गेले ते बरं झालं. पावसाळ्याआधी गटारं कोण काढणार हा प्रश्न मग जूनमध्ये पडला.

मिठागर (बार्देश)

@उंबरठा, त्या ठरावाचा निषेध. पण गोंयकाराची भीतीही समजून घ्या. एवढंसं राज्य, जमीन डोळ्यादेखत दिल्ली-मुंबईच्या पैशात जातेय, डोंगर कापले जातायत. ही भीती खोटी नाही.

उंबरठा (वास्को)

भीती खरी आहे, मिठागरकाका. पण डोंगर पत्र्याखाली राहणाऱ्यानं घेतला का? जमीन घेणारा गाडीतून येतो, त्याला आपण चहा देतो. राग काढतो तो खोरं घेऊन उभ्या असलेल्या माणसावर.

आणि किती गोंयकार घरांतली मुलं आज पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात कामाला आहेत? स्विंडनला तर आपली वस्तीच आहे. तिथं त्यांना कुणी परत जा म्हटलं की इथं आईचा जीव वर-खाली होतो. होतो की नाही?

मिठागर (बार्देश)

होतो. माझा पुतण्या तिथंच आहे. तुमचं म्हणणं पोचलं.

सांजवात (मडगाव)

देवळांचं कुणीच काढलं नाही अजून. गोव्यातल्या हिंदू देवस्थानांचा कारभार आजही १९३३ च्या पोर्तुगीज महाजनी कायद्यानं चालतो. महाजन कोण? ठरावीक घराण्यांचे वंशज, आणि बहुतेक ठिकाणी फक्त पुरुष. दार सगळ्यांना उघडं आहे, घटनेचं कलम २५ तशी मुभाच देतं. पण देवळाचा पैसा, जमीन, उत्सव, पालखीला कोण हात लावणार, हे ठरवणारी यादी जन्मानं ठरते. सालाझारच्या काळातला कायदा आणि आपला सरनामा एकाच कचेरीत शेजारी शेजारी नांदतायत, कारण देवस्थानांचा प्रशासक म्हणूनही मामलेदारच काम बघतो.

याच देवळांपुढे कलावंत घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सेवा केली. फोंड्याजवळच्या केरीत जन्मलेल्या केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावर बसून सूर्यमालेबाहेर निघाला. या घराण्यांतल्या बायका ज्या सभामंडपात गायच्या, तिथल्या महाजनकीत मात्र त्यांना जागा नव्हती. कुळागर, तुम्ही फोंड्याचे, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

कुळागर (फोंडा)

माहीत आहे. मी स्वतः महाजन आहे. मुलीचं नाव यादीत लागावं म्हणून मागच्या सर्वसाधारण सभेत मी विषय मांडला होता. "परंपरा" म्हणून पाच मिनिटांत गुंडाळला. परत मांडणार आहे. जन्मावरून यादी नको इथवर माझं मन अजून जात नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पोर्तुगीज देवळं पाडत होते तेव्हा देवस्थान त्या घराण्यांनी जिवावर उदार होऊन, मूर्ती नदीपार नेऊन वाचवलं, ती भावना आहे. पण मुलींना वगळायला काहीच आधार नाही.

सांजवात (मडगाव)

मूर्ती नदीपार नेताना पालखी कुणाच्या खांद्यावर होती, होडी कुणी वल्हवली, हेही त्या इतिहासात घाला एवढंच म्हणते. मुलीच्या नावासाठी शुभेच्छा, मनापासून.

रेवा

वकील आहे, म्हणून एक भर. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांतल्या जातवार कामाबद्दल निकाल दिला. काही राज्यांच्या तुरुंग नियमावलीत अमुक जातीच्या कैद्यानं स्वयंपाक करायचा, अमुक जातीच्यानं संडास झाडायचे, असं छापील होतं. घटना येऊन ७४ वर्षं झाल्यावर, सरकारी पुस्तकात. एका पत्रकार बाईनं ते शोधून काढलं, याचिका केली, तेव्हा गेलं. गटारात उतरून मेलेल्यांच्या घरच्यांना ३० लाख द्या, असंही न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं. त्याआधी १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे होतेच.

दरवेळी तेच दिसतं. कलम स्वतःहून कुणाच्या दारात येत नाही, माणसाला ते घेऊन जावं लागतं. म्हणून मला "ढोंग" म्हणून सोडून देणारे आणि "लिहिलंय ना, झालं" म्हणणारे दोघंही सारखेच चुकीचे वाटतात.

खाजन (पणजी)

सगळ्यांचे आभार. माझा मूळ प्रश्न होता तो ठेवून थोडं पुढे बोलतो.

फ्रेडरिक डग्लस हा स्वतः गुलामगिरीतून पळून आलेला माणूस. त्याला १८५२ मध्ये ४ जुलैच्या सोहळ्यानिमित्त रोचेस्टरला बोलायला बोलावलं. त्यानं ५ जुलैला भाषण केलं आणि समोरच्यांना विचारलं, तुमचा हा सण गुलामाच्या काय कामाचा? तासभर त्यानं त्या देशाची सालं काढली. आणि त्याच भाषणात तोच म्हणाला की जाहीरनाम्यातल्या तत्त्वांना धरून राहा. मी धागा काढला तेव्हा मला या दोन गोष्टी एका माणसाच्या तोंडात कशा बसतात ते कळत नव्हतं. माडाखालची आणि दाट_रान यांचं वाचून कळलं. जिनं करटीतून चहा प्यालेली आई बघितली तीच म्हणते, कायदा चांगला आहे. ज्याच्या समाजातले दोघं गेले तो म्हणतो, घटनेत लिहिलेलं द्या. घटना फेका असं इथं एकानंही म्हटलं नाही, आणि ज्यांना तसं म्हणायचा सगळ्यात जास्त हक्क होता त्यांनी तर नाहीच.

त्यामुळे मला आता जेफरसनपेक्षा तारखांची जास्त चिंता आहे. हक्क आहे, पण तो मिळायला एक आयुष्य लागतं, हे बदलायला आपण गोव्यात बसून काय करू शकतो? त्यावर कुणी ठोस सांगेल का?

रेवा

@माडाखालची, ठोस एवढं सांगते. मुंडकारांच्या नोंदवहीत वडलांचं नाव आहे का ते आधी बघा, असेल तर त्याची प्रमाणित प्रत काढा. जुन्या घरपट्टीच्या पावत्या, विजेची बिलं, रेशनकार्ड, मतदारयादीतलं नाव, जे असेल ते सालवार लावा. परदेशातल्या वारसांसाठी दरवेळी नोटिशीची वाट न बघता वर्तमानपत्रातून नोटीस देण्यासाठी अर्ज करता येतो, तो केलाय का? नसेल तर मी मसुदा करून देते, फी नको. व्यक्तिगत निरोप पाठवा.

माडाखालची (बार्देश)

वर्तमानपत्राचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. निरोप पाठवलाय रेवाताई. पुढची तारीख ऑगस्टमध्ये आहे.

दाट_रान (काणकोण)

रेवाताई, वनहक्काच्या साक्षीबद्दलही विचारायचं आहे. आमच्या वाड्यावर दोन म्हातारे अजून धड आहेत, त्यांची साक्ष आत्ताच लिहून घेतली तर पुढे चालेल का?

रेवा

लिहून घ्या, वनहक्क समितीपुढे घ्या, आणि चित्रफीतही करून ठेवा. पावसाच्या आधी घ्या, नंतर तिकडे यायला वाट राहत नाही. मी रविवारी मोकळी आहे.

कुळागर (फोंडा)

काणकोणला जाताना फोंड्यावरून जा, गाडी मी काढतो.